मार्गोच्या जागेवर उभे राहिलेले फादर

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या क्रेनव्हिल गावच्या मेयर मादाम लेफोशे. बिशपसाहेबांच्या वतीने एवढ्या पावसात गाडी चालवत आलेले त्यांचे आदरणीय प्रतिनिधी. व्यासपीठावर बसलेले, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे व्यासपीठाच्या पायरीवर बसलेले ग्रामपरिषदेचे सन्माननीय सदस्य. आजचे सत्कारमूर्ती, आपले फादर आनिसे आमेतेपे. शेजारच्या तूर्बेक गावाहून आमंत्रणाची वाट न बघता आलेले आपले स्नेही. आणि माझ्या बंधुभगिनींनो,

समितीने मला सांगितलं, रेजिस, तू बोल, तू पोस्टात होतास, तुला लोकांशी बोलायची सवय आहे. मंडळी, पोस्टात मी उभा जन्म खिडकीमागे बसून "पुढचे" एवढा एकच शब्द बोलत आलो. त्या अनुभवाच्या बळावर आज आपल्यासमोर उभा आहे. मादाम लेफोशे यांनी वेळेची मर्यादा घातली आहे, कारण दालचिनीची तांदळाची खीर भट्टीतून निघाली आहे आणि ती वाट बघत नाही. मी तिचा मान राखीन.

फादर आनिसे आपल्याकडे आले तेव्हा आपण काय म्हणालो होतो, आठवतं का? कोणाला आठवत नसेल तर मी आठवण करून देत नाही, कारण बिशपसाहेबांचे प्रतिनिधी समोर आहेत. एवढंच सांगतो की आफ्रिकेतल्या तोगोहून आलेला माणूस आपल्या ओल्या कोतांताँ प्रांतात एक हिवाळा तरी काढेल का, यावर पैज लागली होती. पैज हरलेले गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आज सफरचंदाची दारू स्वतःच्या घरून आणली आहे, त्याबद्दल समितीच्या वतीने आभार.

खरी अडचण थंडीची नव्हती, फ्रेंचची होती. फादरांची फ्रेंच फार चांगली होती. त्यांनी पहिलं प्रवचन दिलं आणि आपण सगळे बाकावर ताठ बसलो, शाळेत तपासनीस आल्यावर बसायचो तसे. इतकी स्वच्छ फ्रेंच आपल्या चर्चमध्ये कधी कोणी बोललं नव्हतं. परिणाम असा झाला की चर्चबाहेर त्यांच्याशी बोलायला कोणी धजेना. फादर विचारायचे, "कसं काय, मस्यू?" आणि समोरचा म्हणायचा, "ठीक, फादर," आणि सायकलवर बसायचा. पापनिवेदनाला जाणाऱ्या बायासुद्धा आधी घरी वाक्यं पाठ करून जात. जी पापं नीट फ्रेंचमध्ये बसत नव्हती ती वगळत.

आता आपली एक रीत आहे, ती पाहुण्यांना सांगायला हवी. आपल्याकडे गावठी बोली आहे. म्हणजे आपल्याकडे नाही, तूर्बेकला आहे. मागे विद्यापीठातून एक गृहस्थ यंत्र घेऊन आले होते, नॉर्मन बोली टिपून घ्यायला. आपण त्यांना सांगितलं, छे, इथे कोणी तसलं बोलत नाही, तूर्बेकला जा. तूर्बेकवाल्यांनी सांगितलं, छे, क्रेनव्हिलला जा. तो सबंध उन्हाळा त्या सज्जनांनी मधल्या रस्त्यावर काढला. शेवटी त्यांनी पेट्रोल पंपावरच्या माणसाचं बोलणं टिपलं, आणि तो पोर्तुगालचा होता.

तर अशी ही नसलेली बोली आपण बोलतो कोणाशी? धर्मगुरूशी नाही, डॉक्टरशी नाही, मास्तरांशी नाही. परक्याशी तर नाहीच. परक्याशी गावठीत बोललं तर आपण त्याचा अपमान केला, आणि परका आपल्याशी गावठीत बोलला तर त्याने आपली टिंगल केली. पोराबाळांशीही नाही, कारण त्यांना पुढे पोस्टात नोकरी मिळायला हवी. मग उरलं कोण? पत्ते खेळताना समोर बसलेला गडी, कुत्रा, आणि गाई.

इथून पुढची गोष्ट गाईंची आहे. ती माझ्या घरची आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फादर राहतात त्या घराची मागची भिंत आणि माझ्या आईच्या गोठ्याची भिंत एकच आहे. माझी आई, सिडोनी लेकानू, ती पहिल्या रांगेत बसली आहे, निळा कोट. तिला टाळ्या वाजवू नका, ती रागावते. तर त्या भिंतीपलीकडून फादरांना रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी, धारेच्या वेळेला, एका बाईचा आवाज ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. ते मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, इथे कुटुंब मोठं आहे आणि फार जिव्हाळ्याचं आहे."

कुटुंब म्हणजे मार्गो आणि तिच्यासोबतच्या पाच-सहाजणी.

फादरांनी भिंतीला कान लावून ती बोली शिकायला घेतली. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की जो तो तूर्बेकला पाठवायचा. त्यांचा हिशोब सरळ होता: या गावचे लोक ज्या भाषेत एकमेकांवर माया करतात ती हीच असणार, तेव्हा हीच आपण बोलावी. त्यात चूक काय होती, तुम्हीच सांगा.

मग सर्व संतांच्या सणाची मोठी प्रार्थना आली. चर्च भरलेलं. प्रसाद घ्यायला रांग लागली आणि आपल्या रीतीप्रमाणे पुढचे लोक पुढेच थबकले, मागचे मागे. तेव्हा फादर आनिसे, अंगावर सणाचा झगा, चेहऱ्यावर माया, दोन्ही हात पसरून मोठ्यानं म्हणाले,

"सरका की वाईच, ढोल्यांनो. हां, माज्या बायांनो. पाय उचला. श्येपटी आवरा."

मंडळी, रांग सरकली. हे मला नमूद केलं पाहिजे. त्या चर्चमध्ये रांग इतकी झटपट सरकल्याचं माझ्या आठवणीत नाही. पण बाहेर आल्यावर जे झालं ते आपण जाणताच. मादाम लेफोशे, आपणच त्या शिष्टमंडळाच्या पुढे होता. "फादर, तुम्ही आम्हाला जनावरं म्हणालात." फादरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मादाम, मी रोज ऐकतो. त्या बाई ज्यांना असं म्हणतात त्यांच्यावर जीव टाकतात." आणि सगळ्यांनी वळून माझ्या आईकडे पाहिलं. आईने शाळेच्या फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, "मला काही माहीत नाही. मी असं बोलत नाही. तूर्बेकचं असेल."

पण त्या दिवसानंतर एक झालं. ज्या माणसाने आपल्याला ढोल्या म्हटलं त्याच्यासमोर अदब ती किती राखणार? लोक त्यांच्याशी गावठीत बोलू लागले. आधी दारावर, मग पत्त्यांच्या टेबलावर. पापनिवेदनं लांबली. पापं तेवढीच होती, पण सांगण्यात रंग आला. फादरांनी पत्ते शिकून घेतले आणि लबाडीही शिकून घेतली. ती त्यांना कोणी शिकवली हे मी सांगत नाही, तिसरी रांग.

आता मी माझं सांगतो. माझी आई माझ्याशी जन्मात कधी गावठीत बोलली नाही. शाळेत असताना वर्गात गावठी शब्द तोंडातून गेला म्हणून तिच्या गळ्यात लाकडी जोड्याचा तुकडा बांधला होता, दिवसभर. फादर सांगतात, तोगोत त्यांच्या शाळेत गोगलगाईचा शंख बांधायचे, घरची भाषा बोलल्याबद्दल. दोन मास्तर एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी त्यांचं एकमत होतं. तर आईने ठरवलं, आपल्या मुलाच्या गळ्यात काही पडायला नको. ती माझ्याशी शाळेच्या फ्रेंचमध्ये बोलायची. शाळेच्या फ्रेंचमध्ये तिला जेवढं येत होतं तेवढंच बोलायची: हात धू, रेजिस. ताठ बस, रेजिस. नमस्कार म्हण, रेजिस. आणि संध्याकाळी मी अंगणात अभ्यास करत असायचो तेव्हा आतून ऐकू यायचं, "आली गं माजी बाय. दमलीस व्हय? कुनी तरास दिला माज्या सोन्याला?"

मला मार्गोचा हेवा वाटायचा. अर्थात त्या वेळची मार्गो वेगळी. आमच्याकडे एक गेली की दुसरीला तेच नाव देतात. मी सगळ्याच मार्गोंचा हेवा केला आहे.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले आणि गाई विकाव्या लागल्या. ट्रक आला, गाई चढल्या. आईने ट्रकवाल्याला शुद्ध फ्रेंचमध्ये धन्यवाद दिले आणि घरात गेली. त्यानंतर ती बोलायची थांबली. अगदी मुकी नाही. हो रेजिस, नाही रेजिस, एवढं म्हणायची. मी आणि माझी पत्नी ओदिल रविवारी जेवायला जायचो, तर ती ताटाकडे बघत बसायची. डॉक्टरबाईंनी तपासलं. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात गेले किती. आई म्हणाली, हो, डॉक्टर. डॉक्टरबाईंचा यात काही दोष नाही. शंभरातून सात हा प्रश्न मला विचारला असता तर मीही हो म्हणालो असतो. त्यांनी कागदावर लिहिलं की स्मृती चालली आहे, एकटं ठेवणं धोक्याचं. आम्ही शहरातल्या वृद्धाश्रमात खोली पाहिली. स्वच्छ होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची, आणि तिथल्या बाई म्हणाल्या की रहिवाशांना येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायला आवडतं.

खोलीचं पक्कं करायला मी निघालो होतो, त्या दुपारी फादर आमच्या दारात आले.

"मस्यू लेकानू, तुमच्या आई आजारी नाहीत."

"फादर, ती बोलत नाही."

"माझ्याशी बोलतात. रोज संध्याकाळी, गोठ्यात."

"गोठा रिकामा आहे."

"म्हणून तर मी जातो," फादर म्हणाले. "भिंतीपलीकडे सामसूम झाली, ती मला सहन होईना. पहिल्या दिवशी गेलो तर त्या मला म्हणाल्या, मार्गोच्या जागेवर उभा राहा."

मला खरं वाटलं नाही. तुम्हाला वाटलं असतं? मी त्या संध्याकाळी मागच्या दाराने गेलो आणि गवताच्या भाऱ्यांआड उभा राहिलो. आई पालथ्या बादलीवर बसली होती. आपले फादर, ज्यांचा आज आपण शाल आणि चीजचं खोकं देऊन सत्कार केला, ते दावणीजवळ उभे होते. चर्चमध्ये आई त्यांना अहोजाहो करते. गोठ्यात नाही.

"नीट हुबा ऱ्हा. सारका हलतुयास."

"थंडी हाय, मादाम सिडोनी."

"थंडी मार्गोला बी व्हती. तिनं कदी कुरकुर न्हाई केली."

"मार्गोला कातडं जाड व्हतं."

"आन् तुला जीभ लांब हाय." मग आई म्हणाली, "पोरगा आलता."

"काय म्हनला?"

"शहरात खोली बगितलीया म्हनं. झ्याक हाय म्हनं."

"तुमी काय म्हनलासा?"

"काय म्हननार? हो म्हनलं. शाळंची भाषा आता तेवडीच उरलीया माज्यापाशी. बाकीची उसवत चाललीया, जुन्या मोज्यावानी. सुनंम्होरं तोंड उगडावं आन् गावठी भायेर पडावी, मंग पोराची मान खाली. त्यापरीस गप बसलेलं बरं."

"मी त्याला सांगतो की."

"नगं. त्यो सायेब मानूस हाय. त्यो सायेब व्हावा म्हनून तर पाळन्यात हुता तवापासनं मी त्याला माज्या भाषंत हाक न्हाई मारली. लई वाटायचं. रातच्याला निजल्यावर तोंडात यायचं, ते गिळायची. आता शेवटाला कशाला त्याची लाज काडू?"

मंडळी, तिला सगळं आठवत होतं. शंभरातून सात सोडून सगळं. ती गप्प होती ती माझी अब्रू राखायला. मी तिथे गवतात उभा राहून रडलो. घरी डोळे लाल घेऊन गेलो, गवताने त्रास झाला म्हणून ओदिलला सांगितलं, आणि तिने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खोली रद्द केली. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आपला कागद मागवून घेतला आणि फाडला. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी इथे जाहीरपणे नोंदवतो.

त्यानंतरही आईशी गावठीत बोलायला फादरच जात होते. मी का गेलो नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल; ओदिलच्या मनात तो तेव्हापासून आहे. तिने तर आईला साफ सांगितलं की गावठीत बोला, मला चालतं. आई म्हणाली, हो, ओदिल. आणि माझं म्हणाल तर मला कळतं पण वळत नाही. प्रत्येक शब्द ओळखीचा आहे, पण तो तोंडात आला की पोस्टाची खिडकी खाली पडते. एकदा स्वयंपाकघरात मी प्रयत्न केला. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताठ बस, रेजिस." तेव्हा दोन वर्षं ते काम फादरांनी केलं. गुडघाभर चिखलात, कोणाला न सांगता, त्यांच्या स्वतःच्या आईपासून इतक्या दूर. त्यांची आई तिकडे तोगोत, आताक्पामेला आहे, त्यांच्या भाषेत त्यांची वाट बघते आहे, आणि त्यांनी आता तिकडेच गेलं पाहिजे. त्यांना परत पाठवण्याचा बिशपसाहेबांचा निर्णय योग्य आहे. तो मला अजिबात आवडलेला नाही, पण योग्य आहे.

ही बातमी आली त्या दिवसापासून आई पुन्हा ताटाकडे बघू लागली आहे.

फादर, आम्ही तुम्हाला काय दिलं? भिंतीला भोक पडेल इतका पाऊस, आणि दुसऱ्या गावाचा पत्ता. तुम्ही आम्हाला आमच्याच तोंडातली भाषा परत आणून दिलीत, तीही आमच्या शिव्या खाऊन. तुमच्याबद्दल आदर वाटतो असं समितीने मला लिहून दिलं आहे. मला तुमच्याबद्दल माया वाटते. ते वाक्य कागदावर नाही.

अध्यक्षबाई, भाषण इथे संपायला हवं, पण मला एक काम आहे, ते मी आपल्या परवानगीने करतो. आपल्याकडे भरसभेत आईला गावठीत हाक मारणं म्हणजे काय, हे या सभागृहात सगळे जाणतात. ती उठून गेली तर तिला अडवू नका. मी गेला महिनाभर शेजाऱ्याच्या कुत्र्याजवळ सराव केला आहे. कुत्र्याला समजलं, पण त्याच्यासमोर माझी कसलीही अब्रू नव्हती.

आये. आज सांजच्याला फादर बांदाबांद करनार हायेत. म्या येऊ का गोठ्यात?

...

मागच्यांना ऐकू आलं नसेल. बिशपसाहेबांच्या प्रतिनिधींनाही कळलं नसेल, म्हणून सांगतो. आई असं म्हणाली, "ये की. इच्चारतुयास काय, घर तुजंच हाय."

माझ्या हातात अजून एक पान आहे. ते तूर्बेकच्या मंडळींनी वाचावं, त्यात त्यांचंच कौतुक आहे. अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, खीर करणाऱ्या भगिनींचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, नको ते तोंडातून गेलं असेल, तर या पोस्टाच्या माणसाला सांभाळून घ्या. खीर आमच्यासाठी झाकून ठेवा. आई उठून कोटाची बटणं लावते आहे, आणि तिला वाट बघायला लावणं मला जमणार नाही.